मोर, बिबट्या आणि टिपणीसांची बंदूक

बळवंतराव टिपणीसांनी आयुष्यात एकही जीव मारला नव्हता, आणि ही गोष्ट उघडकीला येऊ नये म्हणून त्यांनी फार कष्ट घेतले होते.

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून अवर सचिव म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला समाजात जो मान मिळतो, तो मयूर विहारमध्ये फारसा मिळत नाही. तिथे जिन्यात ज्याला धक्का लागतो तो कुठला ना कुठला निवृत्त अवर सचिवच निघतो. पण सोसायटीत बंदूक असलेला अवर सचिव एकच होता. ही दुनळी बंदूक बळवंतरावांच्या सासऱ्यांची. सासरे चंद्रपूरकडचे, शेतीवाडीवाले. त्यांच्यामागे ती परवान्यासकट जावयाकडे आली आणि बेडरूममधल्या लोखंडी कपाटात, अलकाताईंच्या पैठणीशेजारी उभी राहिली. दिल्लीत निवडणूक जाहीर झाली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, आणि दिल्लीत कुठली ना कुठली निवडणूक असतेच. त्यामुळे त्या बंदुकीने जंगलापेक्षा ठाणंच जास्त पाहिलं होतं. ठाण्यातले लोक टिपणीसांना नावाने ओळखत आणि बंदुकीची खुशाली विचारत.

बंदूक म्हटली की शिकार आली, आणि शिकार म्हटली की बिबट्या आला. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासुरवाडीला गोठ्यामागे आलेला बिबट्या बळवंतरावांनी एका गोळीत कसा लोळवला, ही गोष्ट सोसायटीतल्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात दरवर्षी होत असे. आरती, अथर्वशीर्ष, बिबट्या आणि मग मोदक, असा क्रम ठरून गेला होता. बिबट्या दरवर्षी थोडा वाढायचा. यंदा तर तो गोठ्याच्या दारात मावत नव्हता. अलकाताई पहिल्या रांगेत बसत आणि अंधारात दोन डोळे चमकले की पदर तोंडाशी नेत. तो पदर गेला की मागच्या रांगाही घाबरत.

तर हे सगळं छान चाललं होतं. मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा करायची, हा रिवाज टिपणीसांकडे कडक. हत्यार म्हणजे ज्याने आपलं काम चालतं ते सगळं. पाटावर मध्यभागी बंदूक आडवी ठेवली. तिच्या दोन्ही नळ्यांना झेंडूची माळ घातली. शेजारी विळी, सुरी आणि अलकाताईंचा मोठा कुकर, कारण त्यांच्या मते या घरातलं खरं हत्यार तेवढंच. दसऱ्याला सरस्वतीही पुजायची म्हणून त्यांनी सरोजिनी नगरच्या बाजारातून मोरपिसांचा जुडगा आणला होता. पिसं उभी राहीनात, तेव्हा ओल्या कुंकवाच्या वाटीत त्यांचे देठ रोवले. मग बंदुकीला, विळीला, सुरीला आणि कुकरला कुंकवाची बोटं उठवली. कुंकू जरा पातळ झालं होतं, ते ओघळलं.

बळवंतरावांनी फोटो काढला. तो पुण्याच्या नातेवाइकांना पाठवायचा होता, पण गेला सोसायटीच्या ग्रुपवर. गेलाच आहे तर शेजाऱ्यांनाही आपली संस्कृती कळू दे, म्हणून त्यांनी तो मागे घेतला नाही. उलट खाली हिंदीत एक ओळ लिहिली, ‘साल भर बाद आज फिर निकाली.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीमागच्या बागेत मोर मरून पडलेला सापडला.

मयूर विहारातले बहुतेक मोर गेटवर रंगवलेले असतात. हा खरा होता. यमुनेच्या खादरातून, म्हणजे नदीकाठच्या सखल रानातून उडत येऊन गच्च्यांवर बसायचा आणि पहाटे पाचला सगळ्यांची झोपमोड करायचा. तो जिवंत असताना सोसायटीने त्याच्याविरुद्ध दोन ठराव केले होते. मेल्याबरोबर तो सगळ्यांचा लाडका झाला. सोसायटीचे सेक्रेटरी चोपडासाहेब बागेत उभे राहून हळहळत होते, तेवढ्यात त्यांनी फोन उघडला आणि समोर टिपणीसांचा फोटो आला. मारलं कशानं, चिरलं कशावर, शिजवणार कशात, आणि उरलं काय, सगळा पुरावा एका पाटावर मांडलेला होता, वर झेंडूची माळ घालून. चोपडासाहेबांनी वनखात्याला फोन लावला.

दुपारी श्रीखंडाचं पातेलं मध्ये ठेवून टिपणीस दांपत्य जेवायला बसलं आणि बेल वाजली. दारात खाकी वेशातली एक तरुण बाई, बरोबर एक पोलीस हवालदार, आणि त्यांच्यामागे जिन्यात सगळी सोसायटी उभी होती.

“मैं निधी राठी, रेंज ऑफिसर,” ती बाई म्हणाली. “अंकलजी, ये बंदूक आपकी है?”

बंदुकीबद्दल कुणी विचारलं की बळवंतरावांची छाती आपोआप पुढे यायची. “बिल्कुल हमारी है,” ते म्हणाले. “दुनळी. आइए ना, अंदर आके देखिए.”

निधी राठी आत आली आणि तिने आधी मोरपिसं उचलली. आपोआप गळलेलं पीस घरात ठेवायला हरकत नसते. उपटलेलं असेल तर मात्र देठाशी रक्त असतं, असं ती म्हणाली. मग तिने जुडगा उलटा केला. देठ लालभडक होते.

“वो कुंकू है जी,” अलकाताई म्हणाल्या.

“क्या है?”

“कुंकू. मतलब सिंदूर. नहीं, सिंदूर नहीं. माथे पे लगाते हैं ना, वो.”

“आंटीजी, आपने मोर के पंख को माथे पे लगाने वाला लगाया?”

“कुकर को भी लगाया है,” अलकाताईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि निधी राठीने कुकरही जप्त केला.

बंदूक, पिसं, विळी, सुरी आणि कुकर असा सगळा संसार एका पांढऱ्या जीपमध्ये बसून निघून गेला. तपासणी होऊन अहवाल येईपर्यंत दिल्लीबाहेर जाऊ नका, असं सांगून बाईही गेल्या. श्रीखंड तसंच राहिलं. बळवंतराव खुर्चीत बसून होते, आणि जिन्यातली मंडळी सांत्वनाच्या निमित्ताने एकेक करून आत येत होती.

त्यात पहिले आले समोरच्या ब्लॉकचे श्यामकांत चेऊलकर. श्यामकांतांना प्रत्येक खात्यात ओळख होती आणि प्रत्येक आजारावर काढा ठाऊक होता. दोन्हींचा गुण आजवर कुणाला आला नव्हता. “बळवंतराव, अजिबात काळजी करू नका,” ते म्हणाले. “बिबट्या मारलेला माणूस मोराला कशाला हात लावेल, असं मी चोपडाला स्पष्ट सांगितलं. एवढंच नाही, तुमच्या गणपतीतल्या भाषणाचा व्हिडिओ होता माझ्याकडे, तो त्या बाईंना पाठवून दिला. त्यांनाही कळू दे, गाठ कुणाशी आहे.”

हे ऐकून तिथे बसलेल्या वकील मुकादमांच्या हातातला चहा बशीत सांडला. इम्तियाज मुकादम मूळचे रत्नागिरीचे, दिल्लीच्या कोर्टांत हयात गेलेली. ते कमी बोलत, आणि जे बोलत त्याने माणसाची भूक जाई.

“टिपणीस,” ते म्हणाले, “मोर वन्यजीव कायद्याच्या परिशिष्ट एकमध्ये आहे. शिकार सिद्ध झाली तर तीन ते सात वर्षं. बंदुकीला परवाना आहे, हा बचाव होत नाही. परवाना बंदूक बाळगायचा असतो, प्राणी मारायचा नसतो. तोही रद्द होईल.”

“पण मी मोर मारलेला नाही.”

“ते निघेल तपासात. मला मोराची काळजी नाही. मला बिबट्याची आहे.”

“बिबट्याची?”

“तोही परिशिष्ट एकमध्येच. तुमचं लग्न झालं त्याच्या कितीतरी आधी कायदा आला होता. आणि एवढ्या शिक्षेच्या गुन्ह्याला मुदत नसते. आज खटला भरता येतो. तुम्ही दरवर्षी माईकवर कबुलीजबाब देत होता आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.” मुकादमांनी चहा बाजूला ठेवला. “वकिलाला खरं सांगा. मारला होता की नाही?”

श्यामकांत अभिमानाने बघत होते. दारात चोपडासाहेब होते. अलकाताई टेबलावरची वाटी उगाच पुसत होत्या. हो म्हणावं तर तुरुंग, नाही म्हणावं तर उभ्या मयूर विहारात तोंड दाखवायला जागा नाही. बळवंतरावांनी सरकारी नोकरीत असे पेच अनेकदा सोडवले होते, पण तिथे फाइल दुसऱ्या टेबलावर ढकलता यायची.

“मारला,” ते बारीक आवाजात म्हणाले.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते टिपणीसांच्या घरच्या गव्हाच्या डब्यालाच माहीत. बळवंतरावांचं जेवण निम्म्यावर आलं. अलकाताईंनी नवा कुकर आणला, तर त्याची शिट्टी झाली की ते दचकून उठत. सोसायटीत तीन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, अटकपूर्व जामीन घ्यावा. दुसऱ्याचं म्हणणं, तो घेणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. तिसरा पक्ष ज्येष्ठ नागरिकांचा होता. त्याने तुरुंगात साठीपुढच्या लोकांना खाट मिळते का, याची चौकशी करून आणली. मिळते, असं कळलं. बळवंतरावांना याने धीर येईल अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

श्यामकांतांनी मात्र हातपाय हलवले. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी अतिथिगृहात महाराष्ट्रातले एक मोठे अधिकारी उतरले होते, आणि श्यामकांतांच्या मेव्हण्याचे ते वर्गमित्र होते. एक शब्द टाकला की काम होईल, म्हणून दोघे कोट घालून मेट्रोने निघाले. साहेब कॅन्टीनमध्ये मिसळ खात होते. बळवंतरावांनी वाटेत शंभर वेळा बजावलं होतं की फक्त मोराचं बोला. श्यामकांतांनी नमस्कार केला आणि म्हणाले, “साहेब, हे बळवंतराव टिपणीस. यांनीच तो बिबट्या मारला.”

साहेबांचा चमचा थांबला. “कुठला बिबट्या?”

“चंद्रपूरचा.”

“माझं अख्खं करिअर गेलंय चंद्रपूरच्या वनविभागात,” साहेब म्हणाले. “बसा. नीट सांगा पाहू, कुठल्या गावी आणि कुठल्या साली?”

बळवंतरावांना एकदम आठवलं की त्यांना घरी महत्त्वाचं काम आहे. परतीच्या मेट्रोत ते श्यामकांतांपासून एक डबा सोडून बसले.

घरी आल्यावर त्यांनी बॅग भरायला घेतली. दोन स्वेटर, माकडटोपी, कारण दिल्लीची थंडी तोंडावर होती आणि आत हीटर असेल असं वाटत नव्हतं. अलकाताईंनी न बोलता थालीपिठाची भाजणी एका डब्यात भरून त्यात ठेवली.

“अगं, तिथे तवा कुठून मिळणार?”

“मिळाला तर असावी,” त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, “अहो, एकदा सांगून का टाकत नाही?”

“काय सांगू?”

अलकाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि बॅगेची चेन लावली. “काही नाही,” त्या म्हणाल्या.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात रेंज ऑफिसचं बोलावणं आलं. मुकादम वकील म्हणून आले, चोपडासाहेब तक्रारदार म्हणून, अलकाताई पत्नी म्हणून, आणि श्यामकांत कुणी बोलावलं नसताना आले. बळवंतरावांनी भरलेली बॅग बरोबर घेतली होती. ती त्यांनी खुर्चीखाली पायाने आत सरकवली.

निधी राठीने चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. मोराच्या अंगात छर्रा नाही, गोळी नाही. पायावर आणि पंखावर विजेच्या झटक्याचे डाग आहेत. बागेतल्या ट्रान्सफॉर्मरवर बसायला गेला आणि चिकटला. पिसांच्या देठावर हळदीपासून केलेलं कुंकू सापडलं, रक्त नाही. पिसं आपोआप गळलेली. विळीवर खोबरं आणि कुकरमध्ये तुरीची डाळ.

“और बंदूक,” ती म्हणाली. “अंकलजी, इसकी दोनों नलियों में मिट्टी भरी है. किसी कीड़े ने घर बनाया है. इसमें से गोली तो क्या, हवा भी नहीं निकलेगी. साफ कब की थी?”

कुंभारमाशीने बंदुकीत घर केलं होतं, आणि बळवंतराव बाहेरून दरवर्षी तिला झेंडूची माळ घालत होते. एरवी त्यांना हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आज त्यांना त्या माशीचे पाय धरावेसे वाटले. चोपडासाहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला आणि सॉरी म्हटलं. मुकादमांनी कागद गोळा केले. बळवंतरावांनी पायाने बॅग पुढे ओढली.

“एक मिनट,” निधी राठी म्हणाली. “अब ये तेंदुआ.”

तिने फोन टेबलावर उभा करून व्हिडिओ लावला. बळवंतराव फेटा बांधून माईकपुढे उभे होते. काय बोलत होते ते. आवाज चढत होता, उतरत होता, हात बंदुकीसारखे रोखलेले, आणि कोपऱ्यात पहिल्या रांगेत अलकाताईंचा पदर तोंडाशी गेलेला. एवढं रंगलेलं भाषण ऐकून एखाद्याला स्वतःचा अभिमान वाटला असता. बळवंतरावांना प्रत्येक वाक्यागणिक महिने वाढत चालल्यासारखं वाटत होतं. शेवटी ‘ठो’ झालं, टाळ्या झाल्या, आणि निधी राठीने फोन बंद केला.

“बंदूक आज खराब है. तब तो चलती होगी,” ती म्हणाली. “सीधा पूछती हूँ. तेंदुआ मारा था?”

मुकादम खोकले. श्यामकांत पुढे वाकून बसले. बळवंतरावांनी तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

“वो तेंदुआ नहीं था जी,” अलकाताई म्हणाल्या. “मोती था.”

“मोती कौन?”

“हमारा कुत्ता.”

पुढचं अलकाताईंनी एका दमात सांगितलं, खाली बघून, आपल्या मराठी हिंदीत. गोठ्यामागे आवाज झाला. त्यांच्या वडिलांनी नव्या जावयाच्या हातात बंदूक दिली आणि मान दिला. जावई गेले. अंधारात दोन डोळे चमकले. जावयांनी बंदूक जागच्या जागी ठेवली आणि ते कडब्याच्या माळ्यावर चढले. डोळेही मागोमाग वर आले आणि त्यांचे पाय चाटायला लागले. घरातल्यांनी कंदील नेला तेव्हा जावई आणि मोती एकाच पेंढीवर बसले होते. गोळी सुटलीच नाही. “मोती उसके बाद बहुत साल जिया,” त्या म्हणाल्या. “मेरे भाई को फोन लगाइए, सब बताएगा. ये छिपकली से भी डरते हैं, मॅडम. हमारे घर में झुरळ मैं मारती हूँ.”

हवालदार पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. निधी राठीने अलकाताईंच्या भावाला फोन लावला. पलीकडचं हसणं सगळ्यांना ऐकू आलं. तिने फोन ठेवला, ओठ घट्ट मिटले, आणि कागदावर काहीतरी लिहून सही केली.

“कुत्ते को तो कुछ नहीं किया ना, अंकलजी?”

“नाही,” बळवंतराव मराठीतच म्हणाले.

“तो घर जाइए. बंदूक साफ करवा लीजिए. या रहने दीजिए, उसमें कोई रहता है.”

रिक्षात दोघंच होती. बॅग बळवंतरावांच्या मांडीवर होती आणि परत मिळालेला कुकर अलकाताईंच्या मांडीवर. बळवंतरावांना इतकं हलकं वाटत होतं की रस्त्यावरचा धूरसुद्धा त्यांनी छाती भरून घेतला. आता रात्री झोप लागणार होती. शिट्टीला दचकायला नको होतं. तरी आत कुठेतरी सुई टोचत होती.

“तुला आधीपासून माहीत होतं?” ते म्हणाले.

“मोतीला आंघोळ मीच घालायचे,” अलकाताई म्हणाल्या. “कंदील पण माझ्याच हातात होता.”

“मग एवढी वर्षं दर गणपतीत पहिल्या रांगेत बसून...”

“कुणीतरी घाबरायला नको का?”

बळवंतरावांनी तिच्या मांडीवरचा कुकर उचलून आपल्या मांडीवर घेतला.

श्यामकांतांनी कुणाला न सांगण्याची शपथ घेतली होती. ती सोसायटीच्या गेटपर्यंत टिकली. दिवाळीनंतरच्या रविवारी क्लबहाउसमध्ये फराळाचं संमेलन होतं, आणि बळवंतराव जायला तयार नव्हते. अलकाताईंनी त्यांचा कुडता इस्त्री करून पलंगावर ठेवला. तेव्हा ते गेले आणि चिवड्याच्या टेबलामागे उभे राहिले. पण अशी माणसं लपत नाहीत. चोपडासाहेबांनीच माईक आणून त्यांच्या हातात दिला आणि हात जोडून म्हणाले, “टिपणीसजी, हो जाए. तेंदुआ.”

सगळ्यांना सगळं माहीत होतं. बळवंतरावांना हेही माहीत होतं. त्यांनी घसा साफ केला. अलकाताई पहिल्या रांगेत येऊन बसल्या.

गोष्ट सुरू झाली. गोठा आला, अंधार आला, पाचोळा वाजला. अंधारात दोन डोळे चमकले, आणि अलकाताईंचा पदर नेमका तोंडाशी गेला. तो पाहून बळवंतरावांचा आवाज परत जागेवर आला. त्यांनी हात रोखले, चाप ओढणार, एवढ्यात थांबले.

“आणि त्या क्षणी मला कायदा आठवला,” ते म्हणाले. “परिशिष्ट एक. मी बंदूक खाली ठेवली. म्हटलं, जा बाबा. हातात हत्यार असून न चालवणं याला जास्त धैर्य लागतं.”

मुकादमांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली. मग हॉलभर टाळ्या झाल्या, दरवर्षीपेक्षा जास्त.

“फिर तेंदुए ने क्या किया?” चोपडासाहेबांनी विचारलं.

बळवंतरावांना हे सुचलं नव्हतं. त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं.

“क्या करेगा?” अलकाताई पदर खाली घेत म्हणाल्या. “पूँछ हिलाई और पाँव चाटे.”

क्लबहाउस हसून लोळलं, आणि माईक बळवंतरावांच्या हातात असल्यामुळे सगळ्यात मोठ्याने त्यांचंच हसणं ऐकू आलं.